शेवटच्या पटावरील मुलें

मुलांचे बुद्धिबळाचे सामने भरविणें हें आपल्याकडे निरपवाद सत्कृत्य समजलें जातें. शाळेच्या सभागृहांत बांकें मांडलीं, पट पसरले, पाहुण्यांच्या हस्तें बक्षिसें वांटलीं आणि दुसऱ्या दिवशीं विजेत्याचें छायाचित्र वर्तमानपत्रांत आलें, कीं आपण मुलांसाठीं कांहीं केलें असें समाधान चालकांना वाटतें. हें समाधान खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्याच सभागृहांत त्याच दिवशीं दुसरीहि एक वस्तु मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेली असते, आणि तिचा उल्लेख कोणत्याहि अहवालांत येत नाहीं. ती वस्तु म्हणजे हार. चौसष्ट मुलें खेळावयास बसलीं तर पहिलें एकच येणार; बाकीचीं बहुधा सगळीं, कोणाकडून तरी आणि कोणत्या तरी फेरींत, हरणार. तीं हरावींत अशी व्यवस्था आपण वडील माणसांनीं बुद्ध्या केलेली असते. तिच्यासाठीं वर्गणी जमविलेली असते, पंच नेमलेले असतात. मग विचारावयाचें तें हें, कीं आठ-दहा वर्षांच्या पोराला हार देण्याचा हा अधिकार आपणांस कोठून मिळाला, आणि तो कोणत्या अटीवर आपण वापरावा?

हा प्रश्न सगळ्याच खेळांचा आहे. पण बुद्धिबळाच्या बाबतींत तो अधिक टोंचतो. पत्त्यांत हरलेला मनुष्य पानें वाईट आलीं म्हणून सांगतो. सोंगट्यांच्या खेळांत दान पडलें नाहीं असें म्हणतां येतें. धर्मराजालासुद्धां फांशांना दोष देण्याची सोय होती. खोखोंत गडी कच्चा निघतो, क्रिकेटमध्यें खेळपट्टी दगा देते, कुस्तींत समोरचा वजनानें भारी असतो. बुद्धिबळाच्या पटावर मात्र दोघांचे सोळा सोळा मोहरे सारखे, सगळा मांड उघड्यावर, झांकून ठेवलेलें कांहींच नाहीं. पांढऱ्या मोहऱ्यांना पहिली खेळी मिळते एवढाच काय तो भेद, आणि तोहि फेरींगणिक शक्य तितका उलटसुलट केला जातो. तेव्हां येथें जो हरतो त्याला बोट दाखवावयास दुसरें कोणी उरत नाहीं. त्यांतून खेळाच्या नांवांतच ‘बुद्धि’ हा शब्द बसलेला. धांवण्यांत मागें पडलेल्या मुलाला ‘तुझे पाय हळू आहेत’ एवढेंच कळतें. बुद्धिबळांत हरलेल्या मुलाच्या कानांत, कोणीं न बोलतांहि, ‘तुला बुद्धि कमी’ असा अर्थ शिरतो. हा अर्थ चुकीचा आहे. ह्या खेळांतील प्रावीण्याचा फार मोठा वांटा सरावाचा आणि शिकवणाऱ्याचा असतो. पण हें त्या मुलाला त्या क्षणीं कोण सांगणार?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या देशी खेळांत हारीलाहि प्रती होत्या. प्याद्यानें केलेली मात ही सर्वांत मानाची. साधी मात तिच्या खालची. आणि प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर ती बुर्जी, म्हणजे जिंकणाऱ्याचा विजयहि अपुरा आणि हरणाऱ्याची हारहि अपुरी. आंतरराष्ट्रीय नियमांनीं ह्या पायऱ्या पुसून टाकल्या. आतां एक, अर्धा आणि शून्य. जुन्या खेळासाठीं उसासे टाकण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु ज्या पिढ्यांनीं तो खेळ ओसरीवर बसून खेळला त्यांना हरणाऱ्याचीहि थोडी अब्रू राखावी असें वाटत होतें, हें नमूद करण्याजोगें आहे.

आमच्या प्रश्नाला चालक मंडळींचें उत्तर ठरलेलें असतें. बुद्धिबळानें गणित सुधारतें, चित्त एकाग्र होतें, परीक्षेंत गुण वाढतात. एवढा लाभ होत असतां चार हारी सोसल्या तर काय बिघडलें? आर्मेनिया देशानें २०११ सालीं प्राथमिक वर्गांत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय केला, तो अशाच आशेनें. परंतु इंग्लंडांत ह्या आशेची पद्धतशीर परीक्षा झाली आहे. तेथें सुमारें शंभर प्राथमिक शाळांतील चार हजार मुलांवर प्रयोग झाला. कांहीं शाळांत जाणत्या शिक्षकांकडून मुलांना शाळेच्याच वेळांत तीस तास बुद्धिबळ शिकविलें आणि कांहींत शिकविलें नाहीं. वर्ष उलटल्यावर गणिताची परीक्षा घेतली तेव्हां दोहोंत फरक आढळला नाहीं. हा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. एका प्रयोगानें वाद कायमचा मिटतो असें कोणी म्हणणार नाहीं. पण शाळेच्या दारावर ‘बुद्धिबळ शिका, गणितांत पहिले या’ अशी पाटी लावण्यापूर्वीं शिक्षकानें दहादां विचार करावा एवढें तरी त्यांतून निघतें.

आम्हांला हा निष्कर्ष वाचून मुळींच वाईट वाटलें नाहीं. ज्या खेळाचें समर्थन गणिताच्या गुणांवर उभें आहे त्या खेळांत हरणारें आणि गणितांतहि न सुधारणारें मूल दोनदां नापास होतें. मुलाला गाणें शिकवितांना त्यानें भूगोल सुधारेल असें आपण म्हणत नाहीं. गाणें हें गाणें आहे एवढें पुरतें. बुद्धिबळालाहि तेवढी प्रतिष्ठा द्यावयास हरकत नसावी.

मग हारीचें समर्थन कशावर करावयाचें? आमच्या मतें तें खेळाच्याच दोन नियमांत सांपडतें. पहिला नियम असा, कीं ज्या मोहऱ्याला हात लावला तो खेळलाच पाहिजे. घरीं माठ फुटला तर ‘मी नाहीं’ म्हणावयाचें, शाळेंत शाई सांडली तर शेजाऱ्याकडे पाहावयाचें, ह्या वयाच्या मुलाला आपण ज्याला स्पर्श केला त्याची जबाबदारी आपली, ही गोष्ट एरवीं व्याख्यानांनींहि पटत नाहीं. पटावर ती उपदेशाशिवाय पटते. दुसरी गोष्ट नियमाइतकीच रीतीची आहे. डाव हातचा गेला असें कळलें म्हणजे खेळाडू मात होण्याची वाट न पाहतां आपला राजा आडवा करतो किंवा हात पुढें करतो, आणि आपली हार आपल्या तोंडानें सांगतो. पंचानें शिट्टी वाजवून ती जाहीर करावी लागत नाहीं. वडील माणसांच्या सार्वजनिक जीवनांत ही संवय किती दुर्मिळ आहे हें वाचकांस सांगावयास नको. नऊ वर्षांची मुलगी समोरच्या मुलाशीं हस्तांदोलन करून निकालाच्या कागदावर स्वतःच्या नांवापुढें स्वतःच्या हातानें शून्य लिहून सही करते, तेव्हां ती जें करते तें पुष्कळ प्रतिष्ठित गृहस्थांना मरेपर्यंत जमलेलें नसतें.

परंतु हें सगळें एका अटीवर खरें आहे. ती हार फक्त त्या डावाची असली पाहिजे. तिच्यावर दुसरें ओझें लादलें कीं तिचें शिक्षण संपलें आणि शिक्षा सुरू झाली. हें ओझें मुलें लादीत नाहींत. परत जातांना वाटेंत बापाचें न बोलणें, ‘तो पाहा, तुझ्याहून लहान असून’ हें आईचें वाक्य, भरलेल्या शुल्काचा आणि गाडीभाड्याचा उच्चार, शिकवणीच्या मास्तरांनीं पालकांसमोर केलेली चिकित्सा. हें सगळें पटाबाहेरचें आहे आणि सगळें मोठ्या माणसांचें आहे. पुष्कळ सामन्यांत खेळ चालू असतां पालकांना दाराबाहेर उभें करतात. नक्कल होऊं नये हा त्यांतील उघड हेतु. आम्हांला तर वाटतें, कीं आईबापांचा चेहरा पाहिल्याशिवाय एक तासभर विचार करावयास मिळावा हाच मुलाच्या दृष्टीनें त्यांतला मोठा लाभ आहे.

हारीला तिच्या जागीं ठेवण्याचें काम कांहींसें सामन्याची मांडणीहि करीत असते. चौसष्ट मुलांचा सामना बाद पद्धतीनें खेळविला तर पहिल्याच फेरीनंतर बत्तीस मुलें घरीं जातात. पहांटे उठून एस्.टी.नें आलेलें मूल दहा वाजतां बसतें, अकरा वाजतां हरतें आणि संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत व्हरांड्यांत बसून राहतें. त्याच्या वांट्याला एक डाव आणि एक हार. त्याऐवजीं जी पद्धति आतां सर्वत्र रूढ आहे ती स्विस पद्धति. तिचा पहिला प्रयोग १८९५ सालीं झुरिच येथें झाला. तींत कोणी बाद होत नाहीं. जिंकणारा जिंकणाऱ्याशीं आणि हरणारा हरणाऱ्याशीं, असे समान गुणांचे खेळाडू प्रत्येक फेरींत एकमेकांसमोर येतात. बाद पद्धतींत चौसष्ट मुलांमध्यें मिळून त्रेसष्ट डाव होतात. स्विस पद्धतीच्या सहा फेऱ्यांत एकशें ब्याण्णव. तीन डाव हरलेलें मूल चौथ्या फेरींत आपल्यासारख्याच तीन डाव हरलेल्या मुलापुढें बसतें, आणि बरोबरी झाली नाहीं तर त्या दोघांपैकीं एकाला त्या दिवसाचा पहिला विजय मिळतो.

ह्या पद्धतीचा उगम दयेंत नाहीं. खेळाडू फार आणि दिवस थोडे, ही अडचण सोडविण्यासाठीं ती निघाली. तरी अनेक दयाळू योजनांपेक्षां ती अधिक दयाळू ठरली आहे, कारण तिच्यांत कोणावर उपकार केला जात नाहीं. प्रत्येकाला आपल्या बरोबरीचा प्रतिपक्षी मिळतो, इतकेंच. पहिल्या पटावर गुणांनीं पुढें असलेले, मग क्रमानें खालचे, आणि सभागृहाच्या टोंकाला, पाण्याच्या पिंपाजवळ, शेवटचा पट. तेथेंहि घड्याळ तेंच, नियम तेच, शांतता तीच. एक लहानशी खोंच मात्र राहते. मुलांची संख्या विषम झाली तर तळाच्या एका मुलाला प्रतिपक्षी मिळत नाहीं. त्याला एक गुण फुकट देऊन बसवून ठेवतात. कागदावर तो विजय असतो. त्या मुलाला मात्र गुण नको असतो, डाव हवा असतो. ज्या चालकाला हें कळतें तो अशा वेळीं एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याला त्याच्यासमोर बसवितो. सामन्याची नीतिमत्ता पाहावयाची असेल तर आम्ही प्रथम ह्या जागीं पाहूं.

आतां दुसरी बाजू. शेवटच्या पटाचीच काळजी करीत बसलें तर पहिल्या पटाचें काय? सांगलीकडे पाहावें. तेथें भाऊसाहेब पडसलगीकरांनीं नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारें पिढ्यान् पिढ्या मुलामुलींना हा खेळ शिकविला. पुढें पांच वेळां राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळविणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे तेथल्याच. स्वाति घाटेहि तेथल्याच. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकीं वासंती ह्यांनीं १९७४ सालीं पहिलें राष्ट्रीय महिला विजेतेपद जिंकलें. त्यांच्या धाकट्या भगिनी रोहिणी १९७६ सालीं पुरुषांच्या राष्ट्रीय सामन्यांत खेळावयास उतरल्या, तेव्हां त्यावर गदारोळ झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. शेवटीं जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स ऑयवे, जे स्वतः माजी जगज्जेते आणि पेशानें गणिताचे शिक्षक होते, त्यांनीं स्त्रियांना अशा सामन्यांतून वगळतां येणार नाहीं असा निर्णय दिला. अलीकडे, २०२५ च्या जुलै महिन्यांत, नागपूरच्या दिव्या देशमुख ह्या एकोणीस वर्षांच्या मुलीनें जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरींत समोर कोनेरू हंपीसारखी मुरलेली खेळाडू होती. ह्या मुलींना ‘हार सोसावयाची नाहीं’ म्हणून कोणीं पटापासून दूर ठेवलें असतें तर ती दया नसती, अन्याय झाला असता. ज्याला खोल जातां येतें त्याला खोल जाऊं दिलें पाहिजे, हेंहि तितकेंच खरें.

हा ‘खोल’ शब्द लिहितांना आमच्या मनांत एक गांव येतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे कालपरवांपर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यांतील, हिवरे बाजार. पर्जन्यछायेंतील हें गांव. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील माणसें मजुरीसाठीं बाहेर पडूं लागलीं होतीं, डोंगर उघडे पडले होते. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले; पुढें २०२० सालीं ज्यांना पद्मश्री मिळाली तेच हे गृहस्थ, आणि तरुणपणीं क्रिकेट खेळणारे. गांवानें श्रमदान केलें, चर खणले, बांध घातले, झाडें लावलीं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, दारू हद्दपार केली. पण आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठी गोष्ट ही, कीं शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं आणि ऊंस-केळीसारखीं पाणी पिणारीं पिकें लावावयाचीं नाहींत, असें गांवानें स्वतःवर बंधन घालून घेतलें. पाऊस किती पडला तें मोजावयाचें, त्याचा ताळेबंद ग्रामसभेंत मांडावयाचा, आधीं माणसांच्या आणि गुराढोरांच्या पिण्याचें पाणी बाजूला काढावयाचें, आणि उरेल त्यावर पिकें ठरवावयाचीं. ज्याच्याजवळ पैसा आहे त्यानें तीनशें फूट खालीं जाऊन शेजाऱ्याची विहीर कोरडी करावी, हा हक्क तेथें कोणालाच ठेवला नाहीं.

आतां अशा एखाद्या गांवच्या शाळेंत बुद्धिबळाचा वर्ग काढावयाचा ठरला, तर तो कसा काढावा? आज बहुतेक ठिकाणीं तो विंधनविहिरीसारखा काढतात. पन्नास मुलें महिनाभर खेळवावयाचीं, त्यांतलीं दोन चमकदार निवडावयाचीं, आणि मग मास्तरांचा वेळ, वर्गणीचा पैसा, मुख्याध्यापकांची शाबासकी, सगळें त्या दोघांच्या तळाशीं सोडावयाचें. अठ्ठेचाळीस मुलांचे पट कपाटांत जातात.

येथें कोणी आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे, कीं बुद्धि म्हणजे भूगर्भांतलें पाणी नव्हे. एका मुलीनें खेळ आत्मसात केला म्हणून दुसऱ्याच्या डोक्यांतला खेळ आटत नाहीं. उलट चांगल्या खेळाडूच्या शेजारीं बसून दुसरेहि सुधारतात. सांगलीला हेंच झालें असलें पाहिजे. हें आम्हांस मान्य आहे. उपमा तेथें तुटते. पण एक वस्तु अशी आहे कीं जी खरोखरच पाण्यासारखी मोजकी आहे, आणि ती म्हणजे मोठ्या माणसांचें लक्ष. शाळेच्या एका मास्तरांजवळ आठवड्याला दोनच मोकळे तास असतात. गांवाजवळ वर्गणीची एकच थैली असते. आणि कौतुक, जें फुकट असतें असा आपला समज आहे, तें तर सर्वांत मोजकें. एका मुलावर तें सगळें ओतलें कीं बाकीच्यांना तें कधीं होतें हेंहि आठवत नाहीं. अडवावयाचें आणि जिरवावयाचें तें हें.

खेळ असा जिरलेलें एक गांव केरळांत आहे. त्रिशूर जिल्ह्यांतील मारोट्टिचाल. दारू आणि जुगार ह्यांनीं पोंखरलेल्या त्या गांवांत उण्णिकृष्णन् नांवाच्या एका चहाच्या दुकानदारानें लोकांना बुद्धिबळ शिकवावयास सुरुवात केली, आणि हळूहळू घराघरांत पट आला. त्या गांवाची कीर्ति एखाद्या जगज्जेत्यामुळें झालेली नाहीं. बसथांब्यावर, दुकानाच्या फळीवर, म्हातारा आणि शाळकरी पोर समोरासमोर बसलेले दिसतात, ह्याचीच ती कीर्ति. तेथेंहि रोज कोणी तरी हरत असेलच. पण दुसऱ्या दिवशीं तोच पट, तोच प्रतिपक्षी; हारीला तेथें वर्तमानपत्र नाहीं.

शहरांतील सामन्यांत हारीला आतां आंकडाहि मिळाला आहे. आर्पाड एलो नांवाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानें बसविलेली गुणांकनाची रीत जागतिक संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली. मोठ्या खेळाडूंची तुलना करण्यास ती उत्तमच आहे. पण आज सात वर्षांच्या मुलाच्या नांवापुढेंहि तो आंकडा लागतो, प्रत्येक हारीनें उतरतो आणि जगांत कोणालाहि पाहतां येतो. मग आंकडा उतरूं नये म्हणून मूल सामना टाळूं लागतें, दुबळ्या प्रतिपक्षाशीं खेळावयास भितें, बरोबरी मागून मोकळें होतें. जी हार त्याला शिकविणार होती तिच्यापासूनच तें पळूं लागतें, आणि आईबाप त्याला ‘धोरण’ म्हणतात. शाळेच्या पातळीवर तरी, प्राथमिक वर्ग संपेपर्यंत, ह्या आंकड्यावांचून सामने व्हावेत असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यांना तो हवा त्यांच्यासाठीं बाहेर दालनें पुष्कळ उघडीं आहेत.

राहतां राहिला थैलीचा प्रश्न, आणि तो सोपा नाहीं. पट आणि मोहरे ह्यांना फारसा खर्च नाहीं; एकदां घेतले कीं वर्षानुवर्षें पुरतात. परंतु एखादी मुलगी खरोखरीच पुढें निघाली कीं राष्ट्रीय सामन्याचें शुल्क, प्रवास, आठ-दहा दिवसांचें राहणें, बरोबर जाणारें माणूस, शिकविणारा, हा खर्च शेतकरी घराच्या आवांक्याबाहेर जातो. हिवरे बाजारच्या ताळेबंदाचा क्रम येथें लावला, तर आधीं सगळ्या मुलांचे पट आणि शेवटच्या पटाशेजारीं बसणारा मास्तर, आणि उरेल तें त्या मुलीला, असा निवाडा निघतो. आम्ही तोच करूं. पण तो करतांना एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. जागतिक सामने आठ, दहा, बारा, चौदा अशा वयोगटांत होतात. पीक एक वर्ष पडीत ठेवतां येतें, त्या मुलीचें दहावें वर्ष पुन्हां यावयाचें नाहीं. तेव्हां पहिल्या थैलीला हात न लावतां तिच्या नांवानें ग्रामसभेंत वेगळी झोळी फिरवावी. आणि ती फिरतांना, शेवटच्या पटावर बसणाऱ्या मुलांच्या घरांतून तींत काय पडलें, हें कोणीं मोजूं नये.